घरच्या कॅलेंडरातला पाहुणा

“दादा, या फोनातले सगळे नंबर पुसून टाका. एक पण नको!”

गोंदियाच्या बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात योगेश्वरीनं फोन काउंटरवर असा आपटला, की मागे उभा असलेला मुलगा फिसकन हसला. ती गर्रकन वळली. सावळा, उंच... आणि डोळे अजून हसतच होते मेल्याचे!

“काऊन हसून राहिले?”

“तुमच्यावर नाही जी,” तो गडबडला. “पण फोनातून पुसले म्हणजे गेले थोडीच? जिथं जायचे तिथं केव्हाचे पोचले ते.”

झालं! नेमकं दुखऱ्या जागी बोट. योगेश्वरीचं पार्लर होतं; ती नवरीमुली सजवायची. गेल्या लग्नसराईत तिनं बुकिंगसाठी कुठलंसं फुकटचं ॲप घेतलं आणि ते मागेल त्याला ‘हो, हो’ करत सुटली. नवरीमुलींचे नंबर, हळदीच्या तारखा, सगळं त्याच्या हवाली. मग त्या पोरींना अनोळखी फोन सुरू झाले. लग्न ठरलं ना, हॉल घ्या, फोटोवाला घ्या! एका नवरीच्या आईनं तर भर पार्लरच्या दारात विचारलं, “आमच्या पोरीचा नंबर तूच वाटला ना वो?” तेव्हापासून योगेश्वरीला जो तो चोर वाटायचा.

हा हसणारा बिरसीचा खुमेंद्र होता. एका राईस मिलमधले कॉम्प्युटर सांभाळायचा. तिची कहाणी ऐकून तो गंभीर झाला.

“माझ्या घरी लहानशी मशीन हाये. घरच्यांचे नंबर, तारखा, सगळं तिच्यातच. घरातला हरेक फोन सगळं तिथूनच घेते, तिथंच ठेवते. मधात कोणी नाही.”

“एवढा खटाटोप कायले? कंपन्या देतात की फुकट!”

“देतात ना. मग एक दिवस कंपनीनं माझं खातंच बंद केलं. बाबाच्या जुन्या दोस्तांचे नंबर होते त्यात... सगळे गेले. विचारावं तर तिकडं बोलायला माणूसच नाही.” तो थोडा थांबला. “मोठ्या तलावाचं पाणी चांगलंच राहते जी. पण पाट कधी सोडायचा ते दुसराच ठरवते. आपल्या वावरात आपली बोडी, लहानसं तळं, असली, की कोणाच्या तोंडाकडं पाहा लागत नाही.”

पटलं. आणि पटलं म्हणूनच तिला जास्त संशय आला.

“तुम्ही बसवून द्याल? अन् तुमचं काय?”

“चहा पाजा.”

चहा! हं. फुकट म्हटलं की आता तिच्या अंगावर काटा यायचा. तरी मशीन आली. पोह्यांच्या डब्याएवढी. आईनं, गिरजाबाईंनी, तिला देवघराशेजारी जागा दिली आणि वर कुंकवाचं बोट टेकवलं. मायलेकींच्या फोनवर आता एकच घरचं कॅलेंडर दिसू लागलं.

“आता पासवर्ड तुम्ही टाका,” खुमेंद्र म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. पासवर्ड टाकून झाला तरी योगेश्वरी ते कान बघतच राहिली...

त्यानंतर तो वरचेवर येऊ लागला. “मशीन नीट चालते ना?” ती नीटच चालायची. बिघडत होतं ते भलतंच. त्याच्या गाडीचा आवाज आला की हिचा हात आधी आरशाकडं जायचा. आणि मग मनातली दुसरी, संशयी बया डोळे वटारायची: ज्यानं कुलूप बसवलं, त्याच्याजवळ दुसरी चावी नसेल कशावरून?

शेवटी तिनं सापळा लावला. कॅलेंडरात लिहिलं, ‘रविवार, संध्याकाळी पाच. तिरोड्याचा मुलगा मला पाहायला येणार.’ चोरून वाचत असेल तर चेहरा सांगेलच!

दुसऱ्या दिवशी तो आला. बिरसीच्या विमानतळावरच्या विमानांच्या गोष्टी सांगत मजेत चहा प्यायला आणि गेला. वाचलं नाही! तिचा जीव भांड्यात पडला... आणि लगेच जळफळाटही झाला. वाचून काही वाटलंच नसेल तर?

रविवारी एका नवरीला सजवून ती घरी परतली, तर फाटकात खुमेंद्र उभा. केस चापून बसवलेले, चेहरा उतरलेला. आणि वाजले होते पाच.

“सापडलात! वाचलंत ना माझं कॅलेंडर?”

“मी? नाही जी!”

“मग आजच काऊन आले? याच वेळेला?”

“गिरजाकाकूनं फोन केला. पोरीले पाहायला पाहुणे येऊन राहिले, ती मशीन आतल्या खोलीत नेऊन दे म्हणे.” त्याची मान खाली गेली. “आधीच येऊन जाणार होतो... मिलमधून निघताच आलं नाही. मले त्या मुलाले पाहायचं नव्हतं.”

तेवढ्यात फोडणीचा वास आला. योगेश्वरीनं आत डोकावून पाहिलं. दिवाणावर नवी चादर, खुर्च्या मांडलेल्या, आणि ट्रेमध्ये पोहे घेऊन खुद्द आई! अगं बाई... कॅलेंडर तर आईलाही दिसत होतं!

“पोरीनं स्वतःहून लिहिलं,” गिरजाबाईंचा आनंद ओसंडत होता. “म्हटलं लाजत असंन. विचारू कायले?”

“आई, कोणी नाही येणार. मी खोटं लिहिलं होतं. हे वाचतात का ते पाहायला.”

“माय वो! अन् वाचलं का त्यानं?”

“नाही,” योगेश्वरी पुटपुटली. ती खुमेंद्रकडं वळली. “चुकलं माझं. तुम्ही भिंतीकडं तोंड केलं, तेव्हाच समजायला पाहिजे होतं मले.” मग हळूच, “पण... त्या मुलाले काऊन नव्हतं पाहायचं?”

“कारण...” त्याचे कान पुन्हा लाल झाले, “त्याच्या खुर्चीवर मले बसायचं होतं.”

गिरजाबाईंनी एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं.

“मग उभा काऊन हायेस, बाबू? बस ना. पोहे थंडे होऊन राहिले.”

तो बसला, अगदी खुर्चीच्या टोकावर. योगेश्वरीनं पदराआड... छे, पदर कुठला, ओढणीआड फोन धरला आणि ‘तिरोड्याचा’ खोडून तिथं ‘बिरसीचा’ लिहिलं.

आईच्या फोनवर टिंग वाजलं. चष्मा चढवून तिनं सावकाश वाचलं.

“हे तरी खरं लिहिलं ना वो?”

योगेश्वरीनं पोह्यांची प्लेट खुमेंद्रच्या हातात दिली. “खरं,” ती म्हणाली.