मडक्यातल्या माश्या

मूठभर अळ्या आगीत टाकणार, एवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. अशी किंचाळले म्हणता! वेचणाऱ्या सगळ्या बाया वळून बघायला लागल्या.

"त्या नको टाकूस," तो म्हणाला. "पाठीवर पांढरं दाणं हायत बघ."

"अंडी हायत ती! म्हणून तर आदी जाळायची—"

"अंडी न्हवंत, कोश हायत. त्यातनं बारकी माशी निघती. तिच्याच पिल्लांनी ही अळी आतनं खाल्लीया."

मनगट अजून त्याच्याच हातात होतं. दोघांच्याही ते एकदमच ध्यानात आलं, आणि... जाऊ दे, माझे कान तापले एवढंच सांगते.

पाटणच्या वरच्या अंगाला सरकारी सागाची लागवड होती. लढाईचे दिवस, सागाला मोठी मागणी, आणि अळीनं पानांची नुसती जाळी करून ठेवलेली. माझे आबा, बिराप्पा मुकादम, आम्हा बायांकडून अळ्या वेचून घ्यायचे. माझं मनगट धरणारा हा लालासाहेब कडेगावचा, उसाच्या बागायतदार घरातला, शिकून सरकारी नोकरीत आलेला. दाणेवाल्या अळ्या तो झोपडीत मडक्यात ठेवायचा, तोंडाला मलमल बांधायचा आणि माश्या निघाल्या की सागात सोडायचा.

माशी म्हटलं की मी चार पावलं मागं सरायची. गेल्या वर्षी याच रानात गांधीलमाश्यांनी हरणाबाईचा नवरा मारला होता. त्याचं सुजलेलं तोंड मी पाहिलं होतं. तरी वेचलेल्या अळ्या घेऊन रोज झोपडीपाशी मीच जायची. का, ते विचारू नका.

"आत ये की, मनू."

"नगं. हितनंच दिसतंय."

"काय दिसतंय?"

"...मडकं."

तो हसायचा, आणि मी मेली भीती विसरून अर्धं पाऊल पुढं टाकायची.

एका दुपारी गाव चालून आलं. पुढं हरणाबाई, मागं पलिते घेतलेले गडी.

"माझ्या धन्याला खाल्लेल्या माश्या ह्यो मडक्यात पाळतोय!" ती ओरडली. "जाळा ती झोपडी!"

लालासाहेब दारात आडवा उभा राहिला. मडकं पुढं घेऊन त्यानं मलमल सैल केली आणि आपला हात आत घातला. "बघा, चावत न्हाईत. अळीबिगर ह्या कुणाच्या वाटंला जात न्हाईत."

"तुला कशा चावतील? तूच मंतरल्यात त्या!" गर्दीतून कुणी म्हणालं. "गावातल्या कुणीतरी हात घालून दावू दे."

कुणी हललं नाही. पलिता छपराकडं वर गेला. आणि हा येडा दारातून हटेना! आबा ओरडत होते, त्यांचं कोण ऐकतंय?

मी चांगभलं म्हणत गर्दीतून घुसले आणि कोपरापर्यंत हात मडक्यात घातला. डोळे गच्च मिटले. मनगटावर काहीतरी चालायला लागलं... मग बोटांवर... तळव्यावर. आता चावणार, आता चावणार...

नाही चावली. हात बाहेर काढला तर त्यावर चिलटाएवढ्या काळ्या माश्या. हरणाबाईनं माझा हात धरून उलटासुलटा करून पाहिला. लय वेळ पाहिला.

"ह्या न्हवंत," ती हळूच म्हणाली, आणि तिथंच मटकन बसून रडायला लागली. गड्यांनी पलिते मातीत विझवले.

लालासाहेब जवळ आला. चेहरा पांढराफटक. "मनू... माश्यांचं तुला एवढं भ्या. मग हात कसा घातलास?"

"तवा माश्यांचं भ्या न्हवतंच," मी म्हणाले. "तुमास्नी जाळत्याल, ह्याचं हुतं. लय हुतं."

त्यानं मडक्याची मलमल परत बांधली. मग कुजबुजला, "कडेगावासनं घरच्यांस्नी बोलवून घेऊ? तुझ्या आबांशी बोलाया—"

"घरचे येतील तवा येतील. आबा हितंच उभं हायत. इचारा की!"

जळत्या पलित्यापुढून न हललेला तो माणूस आबांकडं बघून पायानं माती उकरायला लागला. मग मीच त्याला पाठीत हळूच ढकललं.