एकाहत्तर मिनिटं

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आजही नाही, असं मी स्वतःला सांगते.

पण हे माझ्यासमोर घडलंय. सेकंदासेकंदाची नोंद आहे. कागदावर छापून घरच्या कपाटात ठेवली आहे.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. फिनलंडमधलं ऊलू शहर, युहान्नुसचा म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाचा शुक्रवार, दुपारचे दोन पंचवीस.

रात्रबित्र काही नव्हती. जूनमध्ये आमच्याकडे रात्र होतेच कुठे. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि सगळं ऑफिस रिकामं होतं. लोक तळ्याकाठच्या घरी सॉना तापवायला पळाले होते.

मी एकटी लॅबमध्ये होते. माझ्याच कर्माने.

आम्ही घरी वापरायची श्वासाची मशीन बनवतो. ज्यांच्या छातीचे स्नायू झोपेत काम सोडतात, त्यांना ती मास्कमधून हवा देते. मशीनच्या आत एक टायमर असतो. दर सव्वाचार सेकंदांनी तो प्रोसेसरला हाक मारतो, चल, श्वास दे. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की आमचा ड्रायव्हर, म्हणजे मशीन चालवणारा छोटा प्रोग्रॅम, दोन कामं करतो. श्वास देतो, आणि पुढच्या हाकेचा गजर लावतो.

हा ड्रायव्हर मूळ तउनोचा. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, पण सगळे त्याला अरे-तुरेच करायचे. मला या कामात त्यानेच तयार केलं. मार्चमध्ये तो गेला. बर्फात भोक पाडून मासे धरत बसला होता, तिथेच हार्ट अटॅक.

सुट्टीआधी आम्ही कोडची झाडलोट करतो. नको असलेल्या ओळी काढून टाकायच्या. त्या वर्षी तउनोचा ड्रायव्हर माझ्या वाट्याला आला. त्यात गजर लावल्यानंतर एक ओळ होती. घड्याळ पुन्हा बघ, वेळ उलटून गेली नाही ना?

तीन वर्षांत त्या ओळीची गरज पडलेली मला एकदाही दिसली नव्हती. म्हातारा उगाच भितो, असं म्हणून मी ती उडवली.

बुधवारी नवं सॉफ्टवेअर पहिल्यांदा एका घरी बसलं. तउनोच्या बायकोच्या घरी. केर्तू आमची चाचणीची पेशंट होती. मी स्वतः जाऊन बसवलं, वर तिची कॉफी पिऊन आले.

शुक्रवारी सकाळी लॅबमधलं मशीन बंद पडलं.

श्वास नाही. अलार्म नाही. काहीच नाही.

आणि बरोबर एकाहत्तर मिनिटांनी ते आपोआप सुरू झालं.

दुपारपर्यंत डोकेफोड केली, तेव्हा कुठे उमगलं. प्रोसेसर कधीतरी दुसऱ्या कामात क्षणभर अडकतो. गजर लावेपर्यंत ती वेळ उलटून गेलेली असते. मग टायमर बापडा आपली वाट बघत बसतो, त्याचं घड्याळ अख्खा फेरा मारून पुन्हा तिथे येईपर्यंत. तो फेरा एकाहत्तर मिनिटांचा.

अलार्मही त्याच टायमरवर चालायचा.

केर्तू जेवल्यावर झोपते. मास्क लावून.

तिच्या मशीनची नोंद लॅबच्या स्क्रीनवर दिसायची. दुरून नुसतं बघता येतं, हात लावता येत नाही. मी ते पान उघडलं.

टायमरची शेवटची हाक… एक वाजून पन्नास मिनिटं.

म्हणजे पस्तीस मिनिटं टायमर मेलेला होता.

मी श्वासांचा आकडा बघितला. बघवत नव्हतं, तरी बघितला.

आकडा वाढत होता.

एक. थोडं थांबून आणखी एक…

मला वाटलं स्क्रीन चुकतोय. मी केर्तूला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग आमच्या साहेबाला, योउकोला लावला.

"मेर्या, आज तरी मला सोड ग," तो म्हणाला. मागे कुणीतरी हसत होतं. "इथे सॉसेज भाजायचं सोडून तुझं रडगाणं ऐकू का?"

"केर्तूचा टायमर बंद पडलाय. श्वास चालू आहेत."

"मग बरंच आहे की."

"अरे, टायमरशिवाय श्वास देतंय कोण?"

मागचं हसणं लांब गेलं.

"हाक कोणाची आहे बघ," तो म्हणाला. आवाजातली मस्करी गेली होती.

प्रत्येक हाकेपुढे हाक मारणाऱ्याचा नंबर पडतो. टायमरचा पाच. पंपाचा सात. मी नोंद खाली सरकवली.

शून्य. शून्य. शून्य…

शून्य नंबर आम्ही कोणालाच दिलेला नाही.

"तू निघ," योउको म्हणाला. "मी अँब्युलन्स बोलावतो. तू जवळ आहेस, पळ."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घरांसमोर झेंडे लावलेले, आणि कुठे माणूस नाही. गाडी कशी चालवली आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी मोठ्याने बोलत होते. तउनो, चुकले रे. तउनो, थांब जरा, आलेच मी.

त्याचं नाव का घेतलं, माझं मला माहीत नाही.

दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. घरात शांत होतं. मी दाराशीच उभी राहून कान दिला.

मशीन श्वास देत होतं.

पण तो आवाज मला ओळखीचा नव्हता. आमच्या मशीनचा श्वास एकसारखा असतो, वर्षानुवर्षं ऐकलाय मी. हा तसा नव्हता. एक मोठा. एक तुटका. मग बराच वेळ काही नाही…

आणि मग पुन्हा एक.

मी आत धावले. केर्तूच्या पलंगाखाली तिचं जुनं मशीन होतं. ते ओढून काढलं, चालू केलं, नळी बदलली. ती दोनदा निसटली. केर्तूच्या ओठांवर निळसर झाक होती, ती हळूहळू गेली. मग तिने डोळे उघडले.

"काय ग हे? बूट घालून आत आलीस?"

मी जमिनीवर बसून ढसाढसा रडले. अँब्युलन्सवाले आले, तपासून गेले. सगळं ठीक होतं. केर्तू त्यांना म्हणाली, मार्चपासून आज पहिल्यांदा गाढ झोप लागली.

सोमवारी मी तउनोची ओळ परत घातली. चूक माझी, असं अहवालात स्पष्ट लिहिलं. योउको आणि मी केर्तूचं ते मशीन तीन आठवडे छळलं. टायमर हजार वेळा बंद पाडला. दर वेळी मशीन मुकाट बंद पडलं. शून्य नंबरची हाक पुन्हा कधीच आली नाही.

"विजेचा काहीतरी घोळ असणार," योउको म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

असेल. पण विजेचा घोळ असा वागत नाही.

मी त्या हाकांमधलं अंतर एकेक करून मोजलं. सगळ्या मिळून साडेसहाशेच्या वर हाका. सुरुवातीला चार सेकंद, सव्वाचार, पुन्हा चार. कुणीतरी मनात आकडे मोजत हाताने काम करावं, तशा. अर्ध्या तासानंतर पाच. मग सहा.

मी गाडीत होते तेव्हा आठ.

मी दाराशी कान देऊन उभी होते तेव्हा अकरा.

जो कोणी होता, तो दमत चालला होता. टायमर जागा व्हायला अजून चौदा मिनिटं बाकी होती.

तेवढी चौदा मिनिटं त्याला जमली असती का, हे मला कोणी सांगू शकत नाही. केर्तूला मी यातलं काही बोलले नाही. पण झोपताना अजून माझा श्वास मीच मोजते, आणि मधलं अंतर जरा वाढलं की उठून बसते.