बखीतच्या नावाची ओ

हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. मी भूगर्भशास्त्र शिकलोय, मोजल्याशिवाय काही मानत नाही.

बारा फेब्रुवारी. इजिप्तमधलं सक्कारा. सकाळचे साडेदहा.

माझा मामा खलाफ दगड ओढणाऱ्या टोळीचा रईस, म्हणजे मुकादम. कुफ्त गावची आठ माणसं, एक दोर. जुन्या थडग्याची ढासळलेली भिंत पुन्हा रचायची होती. तिच्या दगडांवर लाल रंगात टोळ्यांची नावं आहेत... साडेचार हजार वर्षांपूर्वीची.

मामा म्हणायचा, "टोळीनं दगड रचले आणि दगडांनी टोळी."

ओढताना रईस एकेकाचं नाव पुकारतो. तो माणूस ओ देतो, मग सगळे जोर लावतात. जो हजर नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही.

त्या दिवशी दोराच्या शेवटी उभा राहणारा बखीत तापानं पडला होता. मामाचा घसा बसलेला. म्हणून यादी घेऊन मी उभा राहिलो.

"नीट वाच हं, प्रोफेसर!" दोरावरचा हमदान हसला.

मी वाचली. आठही नावं.

आठव्या नावाला... ओ आली.

दोराच्या शेवटाकडून. बखीतच्या जागेवरून.

दगड सरकला.

"कोण चावटपणा करतंय?" मी ओरडलो.

कुणीच हसलं नाही.

मी दोराला ताण मोजायचा काटा लावला. माणसं सात, आकडा आठांचा. मला हमदानचा संशय आला. त्याला बाजूला काढलं.

माणसं सहा... आकडा सातांचा.

मामा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बखीतचं नाव घेऊन त्याची जागा भलत्यालाच देऊन बसलास तू."

तिसऱ्या दिवशी बखीत आला. आपल्या जागी उभा राहिला.

"बखीत!" मामानं पुकारलं.

त्यानं तोंड उघडलं... त्याआधीच ओ आली. त्याच्या मागून.

मागे नुसतं दोराचं टोक. हवेत, ताठ.

"रईस, मग मी कोण?" बखीतनं विचारलं. वीस वर्षं तो त्या दोरावर होता.

तो गावी निघून गेला. मामानं त्याचं नाव गाळून पाहिलं. दगड हलेना. आता ते नाव रोज पुकारतात.

काल मी कामावर असताना बखीतचा फोन आला. "माझ्या नावाला अजून कुणी ओ देतं का रे?"

"छे! तुझी जागा मोकळी आहे. ये केव्हाही."

माझ्या मागे मामा नावं पुकारत होता.

"मग आत्ता तुझ्या मागे माझ्या आवाजात कोण ओरडलं?"

मी फोन बंद केला.

वळून पाहिलं नाही.