चूलबंद आवतण

हिलाल पाटलाला कुणाच्या बापाची भीती नव्हती, आणि हे तो ज्याच्या त्याच्या बापाला ऐकवायचा. सुरतेत, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कपडा रंगवण्याच्या मशीनवर त्याची उभी जवानी गेली. शेठनं आवाज चढवला की हा दुप्पट चढवायचा. मशीनच्या घरघरीत दोघांचंही दोघांना ऐकू जायचं नाही, म्हणून नोकरी टिकली.

मुलीचं, योगिताचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या तशी बायको सुंदरा म्हणाली, "योगिताचे पप्पा, पहिली पत्रिका माझ्या माहेरच्या देवीला."

"तुझं माहेर पाण्यात आहे."

"मग पाण्यात द्या."

साकळवेल हे सुंदराचं गाव, सोनगढच्याही पुढे, डोंगरात. ती फ्रॉकात होती तेव्हा धरण झालं आणि गाव बुडालं. माणूस एकही बुडालं नाही. सगळी भांडीकुंडी घेऊन वेळेवर निघाली, कोणी नवापूरला गेलं, कोणी सुरतेला. सुंदरा मात्र गाव बरोबर घेऊन आली. नवागामच्या खोलीत भाकरी थापता थापता ती अजून त्या गावातून चालायची: पारापाशी सुताराचं घर, त्याला लागून सुभद्राकाकूचं, काकूच्या ओट्यावरून उतरलं की देवीची पायरी. योगिताला तिनं अंगाई म्हणून हेच ऐकवलं होतं. ना फोटो उरला, ना वीट. एवढं बोलणं हेच तिचं माहेर.

"माशांनी खाल्लं तरी हिचं माहेर संपत नाही," हिलाल म्हणायचा.

रविवारी इको गाडी भाड्यानं केली. सुंदराचा मोठा भाऊ भाईदास वाट दाखवायला आला. पण गाडी दिवसभराची घ्यायची आणि एकट्या देवीला भेटून यायचं, हे हिलालच्या तत्त्वात बसेना. "वाटेतली सगळी तळी दाखव," त्यानं ड्रायव्हर वाल्मिकला फर्मावलं.

पहिल्या तळ्यावर हंसाच्या आकाराची पायडलची होडी होती. हिलालनं असे पायडल हाणले की हंस जागच्या जागी गरगरत राहिला, आणि शेवटी होडीवाल्यानं त्याच्या मानेला दोर बांधून, म्हैस आणावी तसा ओढून आणला. पैसे मागितल्यावर हिलालनं हंसाचीच चूक काढली.

दुसरं तळं सागाच्या दाट जंगलात होतं. तिथं वानरानं भज्यांची पिशवी पळवली. भज्यांखाली हळदकुंकू लावलेली देवीची पत्रिका होती. वानर शेंड्यावर बसलं, भजी खाल्ली, पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि तीही खाल्ली.

"चला, एक पाव्हणा पक्का झाला," हिलाल म्हणाला. सुंदरा हसली नाही.

साकळवेलच्या पाण्यावर पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. तिन्ही बाजूंनी बांबूचे डोंगर आणि मध्ये सुरकुती नसलेलं पाणी. वाल्मिकनं उगाच हॉर्न दिला. तो डोंगरांवरून एकामागोमाग तीनदा परत आला.

"दाजी, आता तोंडीच आवतण द्या," भाईदास हळू आवाजात म्हणाला. "फक्त देवीचं नाव घ्या. गावाला हाक मारू नका."

"का?"

"पाण्यावरून गावाला हाक मारत नाहीत आमच्यात. आजा सांगायचा."

"एकट्या देवीला आवतण? लोक म्हणतील हिलाल पाटलाकडं लग्नाच्या जेवणात बट्ट्या मोजून केल्या!"

सुंदरानं त्याची बाही धरली. तेवढ्यानंच त्याला चेव आला. तो दगडावर चढला, तोंडाशी हात धरले आणि मिलमध्ये कमावलेला सगळा आवाज लावला.

"ओ साकळवेलवाले! तुम्हले समदासले चूलबंद आवतन शे! जेवाले या!"

चूलबंद म्हणजे अख्खं घर. तान्हं पोर, खाटेवरचं म्हातारं, सगळे. त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही.

चौघं थांबले. हाक परत आली नाही.

वाल्मिकनं पुन्हा हॉर्न दिला. तो तीनदा आला. हिलालची हाक तेवढी तिकडंच राहिली, कुणी घेऊन ठेवल्यासारखी.

"आवाजच वजनदार आहे," हिलाल म्हणाला. "डोंगराला उचलला नाही."

परतीच्या वाटेवर तो एकटाच बोलत होता.

लग्न नवागामच्या मैदानात लागलं, भर उन्हाळ्यात. अक्षता पडल्या आणि पंगती बसल्या. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्यांची भाजी, वर तुपाची धार. हिलाल फेटा सावरत पंगतीतून आग्रह करत फिरत होता. मांडवाच्या मागच्या कडेला एक लांबलचक रांग बसली होती. टोप्या घातलेले पुरुष, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, पोरंसोरं. मान खाली घालून जेवत होते. नवऱ्याकडचे खेड्यातले दिसतात, असं समजून हिलालनं त्यांना जरा जास्तच आग्रह केला.

नवऱ्याचा बाप हेमराज जवळ आला. "व्याही, तुमची माणसं मोठी शिस्तीची. एक शब्द नाही बोलत."

"माझी कुठली? तुमची ना ती?"

दोघे हसले. मग दोघांनी पुन्हा त्या रांगेकडं पाहिलं.

बाकी मांडवात पंख्याखालीही घामाच्या धारा होत्या. त्या कडेला मात्र गारवा होता आणि ओल्या राखेचा वास येत होता. सगळ्यांच्या पानांशी पाण्याचे पेले भरलेले होते. एकालाही कुणी हात लावला नव्हता.

आचारी निंबा धावत आला. "भाऊ, ही पंगत उठेना! भाजीचं पातेलं खरवडायला आलं."

"माझी माणसं जेवायची आहेत अजून," हेमराजचा आवाज चढला. "वऱ्हाड उपाशी राहिलं तर मुलगी इथंच ठेवून जाईन. उठवा त्यांना!"

भाईदास काय झालं ते बघायला आला आणि तिथंच खिळला.

"दाजी, हा सुतार. ती सुभद्राकाकू."

"मग भेट की जाऊन."

"काकू नवापूरला खाटेवर आहे. सकाळीच फोनवर बोललो. पंचाहत्तरीची आहे ती." भाईदासनं पुन्हा रांगेकडं निरखून पाहिलं. "ही तिशीची आहे. आणि तिच्या पलीकडचा तो शेंबडा पोरगा... तो मी आहे."

पोराच्या शेजारी एक पान वाढलेलं होतं. जागा रिकामी होती.

हिलालच्या पाठीवरून काटा सरकला. मग त्याला स्वतःच्या पाठीचाच राग आला.

"कोणी कुणाला उठवणार नाही!" तो गरजला. "आवतण मी दिलंय. जिवंत असोत, मेलेले असोत, अर्धेमुर्धे असोत. माझ्या दारचं माणूस अर्ध्या पानावरून उठणार नाही. आणि व्याही, तुमचंही नाही!"

त्यानं गल्लीत माणसं पिटाळली. नवागामच्या घराघरांत गॅस पेटले. कुणाकडून भाकरी आल्या, कुणाकडून पिठलं, कुणाकडून सकाळची खिचडी. हेमराजचं वऱ्हाड पोटभर जेवलं, वर पिठल्याला नावंही ठेवून गेलं. मागच्या रांगेला हिलालनं स्वतः वाढलं. आग्रहही सोडला नाही.

शेवटी रांग उठली.

एक म्हातारा पुढं आला. सुंदरा कधीची नवऱ्याच्या मागं येऊन उभी राहिली होती. म्हाताऱ्यानं त्या रिकाम्या पानाकडं बोट केलं.

"जेवन झकास व्हयनं. आते आमनी पोर दे."

"जेवायला बोलावलं होतं," हिलाल म्हणाला. "न्यायला नाही. ही माझी बायको आहे."

"बायको तुनी. ती ऱ्हाऊ दे. पोर आमनी."

सुंदरा त्याच्या कानाशी म्हणाली, "नका. काही बोलू नका."

पण हिलालला गप्प बसणं कधी जमलं होतं?

"काय न्यायचं ते न्या! ही इथून हलणार नाही."

म्हाताऱ्यानं मान डोलावली.

ते सगळे मांडवाबाहेरच्या उन्हात गेले. घाई नाही, आवाज नाही. सुभद्राकाकूच्या एका हाताला पोरगा होता. दुसऱ्या हाताचं बोट धरून फ्रॉकातली एक पोर चालली होती. जेवताना ती रांगेत नव्हती.

तिनं मागं वळून पाहिलं नाही.

हिलालनं झटकन बायकोकडं पाहिलं. सुंदरा होती. धडधाकट, घामानं भिजलेली, पदर खोचलेली. त्यानं तिचा दंड चाचपला, मग फेटा नीट केला.

"पाहिलं? हिलाल पाटील आहे म्हटलं!"

संध्याकाळी योगिताची पाठवणी झाली. मायलेकी गळ्यात पडून रडल्या. गाडी वळणाआड गेली, तसा भाईदास हुंदका देत बहिणीला जवळ घ्यायला पुढं झाला.

सुंदरा एक पाऊल मागं सरली. परक्या माणसासमोर घ्यावा तसा तिनं डोक्यावर पदर घेतला आणि हळूच नवऱ्याला विचारलं,

"योगिताचे पप्पा, हे पाव्हणे कोण? आपल्याकडचे, की त्यांच्याकडचे?"