खेळातलं लगीन

नांदेडहून लातूरला निघालेली एसटी लोह्याच्या पुढे पंक्चर झाली आणि सगळे प्रवासी लिंबाच्या झाडापाशी उन्हात येऊन थांबले. मालविकाही उतरली. थंडीचे दिवस, ऊन अंगाला गोड लागत होतं. तिने पर्समधून मोबाइल काढला... तोच शेजारून ओळखीची तुतारी वाजली.

ती ‘नवखंड’ची तुतारी होती. मोबाइलवरचा ऑनलाइन खेळ. पाच जणांची टोळी आणि समोर राक्षस. पण धावपळ नाही, एकाने वार केला की दुसऱ्याने करायचा. आपला नंबर येईपर्यंत निवांत थांबायचं.

शेजारी एक उंच तरुण होता. पायाशी केळीच्या रोपांचे ट्रे. तिने हळूच त्याच्या मोबाइलमध्ये डोकावलं. पडद्यावर नाव होतं – ‘देवणीचा गोऱ्हा’.

“तुम्ही... गोऱ्हा?” तिच्या तोंडून निघून गेलं.

तो दचकला. “हाव. आन तुम्ही?”

“न्यूटनची नात.”

“आरं बापरे! म्हंजे काल मला टोळीतनं हाकललं, ते तुम्हीच?”

“हाकलू नको तर काय करू? तुम्ही टोळीचे वैद्य. आमच्यावर घाव पडतात आणि तुमचं औषध यायला युगं लागतात!”

“मला विचार कराया येळ लागतो,” तो जराही न ओशाळता म्हणाला. “दुसऱ्या खेळांत तवर मी मेलेला असतो बघा. हितं राक्षससुद्धा थांबतो. म्हणून तर हा खेळ लई आवडतो.”

मालविकाला हसू आवरेना. कारण तिलाही तो नेमका त्यासाठीच आवडायचा. लातूरच्या एका क्लासमध्ये ती फिजिक्स शिकवायची. दिवसभर एका दमात बोलायचं, पोर्शन पळवायचा. सुट्टीत नांदेडला घरी गेलं, तर तिने काय करावं हे आत्या, काका आणि बाबा आपसातच ठरवायचे; तिचं वाक्य अर्ध्यातच राहायचं. खेळात मात्र तिची वेळ आली की सगळी रणभूमी गप्प राहून तिची वाट बघायची.

चाक बदललं. लातूरपर्यंत दोघं एकाच सीटवर बसले. तो किल्लारीचा शिवम, अर्धापूरहून रोपं घेऊन शेताकडे निघालेला. उतरता उतरता तिने त्याला पुन्हा टोळीत घेतलं.

“पण जरा लवकर औषध देत जा,” ती म्हणाली.

“बघतो,” तो म्हणाला. आणि खरंच बघतच राहिला – मोबाइलकडे नव्हे, तिच्याकडे.

मग रोज संध्याकाळी खेळ आणि खेळाच्या आडून गप्पा. कामासाठी लातूरला आला की तो गंजगोलाईच्या बाजारात तिच्यासोबत चहाला थांबायचा. तिच्या बोटांवर मार्करची निळी शाई असायची, त्याच्या नखांत काळी माती. दोघंही हात लपवायचे... आणि दोघांनाही ते दिसायचं.

एका बाबतीत मात्र त्यांचं पटायचं नाही. खेळात ‘ऑटो’चं बटण होतं. ते दाबलं की सगळे वार आपोआप. मालविका बिनदिक्कत दाबायची.

“रोज तेच जंगल, तेच लांडगे,” ती म्हणायची. “रोजची हजेरी नाही लावली तर बक्षीस बुडतं. कंटाळा येतो रे!”

“कंटाळा आला तर बंद कर. मशीनच खेळून राहिलं, तर आपून हितं कशाला?”

अशातच तिला एक गोष्ट सापडली. खेळातल्या दोघांनी खेळातच लग्न केलं, तर दोघांची ताकद वाढायची. तिने लगेच लिहिलं, ‘गोऱ्ह्या, लग्न करून टाकू या का? फायदाच फायदा!’

लिहून झालं आणि उगाचच तिचे कान तापले.

मग उत्तर आलं, ‘न्हाई जमायचं.’ आणि तो खेळातून निघून गेला.

दुसऱ्या दिवशीही आला नाही. पुढेही नाही. खेळाने त्याच्या जागी आपोआप चालणारा एक वैद्य दिला – अंगात तोच झगा, हातात तोच कमंडलू. औषध कधी चुकलं नाही, कधी उशीर नाही. टोळी जिंकत राहिली. शिवम नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या बिनचूक वैद्याकडे बघता बघता मालविकाने मोबाइल उशीखाली सारला.

फोन केला असता तर त्याने उचललाही असता. पण हे फोनवर विचारण्यासारखं नव्हतं. रविवारी ती जीपने किल्लारीला पोचली आणि पत्ता विचारत शेतात गेली.

शिवम गुडघाभर चिखलात पाटाचं पाणी वळवत होता. तिला बघून त्याच्या हातातलं खोरंच पडलं.

“रागावलास?” तिने विचारलं.

“न्हाई. भ्यालो.”

“कशाला?”

तो बोलायला वेळ घेत होता. तिने घेऊ दिला.

“आई-दादांचं लगीन भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात झालं. दोघांचेबी पहिले संसार ढिगाऱ्यात गेले व्हते. ना मांडव, ना बँड. आई म्हणती, एकमेकांकडं बघायची हिंमत नव्हती, पर हात धरला तो सोडला न्हाई. लगीन म्हणलं की मला तेच दिसतं. ते... ताकद वाढवायला कसं करू? आन तेबी तुझ्यासंगट?”

“माझ्यासंगट केलं तर काय बिघडतं?”

“खेळात फुलं पडली असती, तुतारी वाजली असती. मग खरं इचारायचं राहूनच गेलं असतं.”

पाटातलं पाणी वाट सोडून भलतीकडेच वाहू लागलं होतं. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

“मग विचार ना,” ती हलकेच म्हणाली.

“करशील लगीन? माझ्याशी?”

“करीन.”

एवढ्यात तिचा फोन वाजला. नांदेडहून तिचे बाबा, वसंतराव. “अगं, आहेस कुठे? खोलीवर नाहीस म्हणे?”

“बाबा, मी किल्लारीत आहे. एका... एका मुलाच्या शेतात. तुम्ही जरा त्याच्याशी बोला.”

तिने फोन पुढे केला. शिवमने घाबरून आपले चिखलाचे हात दाखवले. तेवढ्यात भाकरीचं गाठोडं घेऊन बांधावरून त्याची आई, केवळाबाई आली होती. किती ऐकलं होतं कोण जाणे! तिने पदराला हात पुसले आणि मालविकाच्या हातून फोन घेतला.

“नमस्कार, पोराची आई बोलून राहिले मी,” ती ठसक्यात म्हणाली. “लेक तुमची जेवल्याबिगर यायची न्हाई, घोर करू नका. आन पोरगं कसं हाय, ते मला इचारू नका... माझं म्हणून मी चांगलंच सांगंन. तुम्ही सवता येऊन बघा.”