गळती नाही

लोकांच्या घरात गॅसच्या शेकोट्या बसवणं हा माझा सव्वीस वर्षांचा धंदा. भिंतीत बसणारी चौकोनी पेटी, पुढे जाड काच, आत खोट्या लाकडांवर खऱ्या ज्वाळा. राख नाही, धूर नाही, बटण दाबलं की ऊब. दंतवैद्याकडे बसवली, वकिलीणबाईंकडे बसवली. एका पठ्ठ्याने तर कुत्र्यासाठी वेगळी बसवून घेतली आणि कुत्रं तिच्याकडे पाठ करून झोपतं म्हणे. बसवली नाही ती फक्त सख्ख्या बहिणीकडे.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. थंडीला अशी भ्यायची की भर उन्हाळ्यातही पायांत मोजे. "अरे धाकट्या, जगाला शेकत फिरतोस, माझ्याकडे कधी उगवणार?" ती दर हिवाळ्यात विचारायची आणि मी दर हिवाळ्यात "पुढच्या महिन्यात, ताई, अगदी नक्की" म्हणायचो. घरचंच काम, त्याला कसली आलीय घाई! असे नऊ हिवाळे गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो मी.

मग तिची फुफ्फुसं आखडत चालली. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, मला ते कधी नीट उच्चारता आलं नाही. बैठकीच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला लागून तिचा चाकांचा पलंग लावला. शेवटच्या महिन्यात मी रोज दुपारी तिच्या उशाशी बसायचो. तिचा श्वास मला पाठ झाला होता. दोन आखूड, एक लांब, मग खंड. त्या खंडात मीही श्वास घ्यायचा थांबायचो. ती गेली त्या दिवशी मात्र मी गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी धुराडं बसवत होतो. भाऊजींचा फोन आला. "शांत गेली. तिचा हात माझ्या हातात होता." त्या एका वाक्यावर मी तीन महिने काढले. निदान ती एकटी नव्हती, असं मी रोज स्वतःला सांगायचो.

तीन महिन्यांनी भाऊजींचा पुन्हा फोन.

"ती शेकोटी राहिलीय ना बसवायची. ये."

"आता कशाला, भाऊजी?"

"ये म्हटलं ना."

भाऊजींनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. एकच गोष्ट दोनदा सांगायची त्यांना सवय नाही.

सोमवारी मी सामान घेऊन गेलो. पलंग परत गेला होता, पण त्याच्या चाकांचे चार खळगे फरशीवरच्या गालिच्यात तसेच होते. शेकोटी बरोबर त्या भिंतीत बसवायची होती. दोन दिवसांत भिंत कापली, पेटी बसवली, स्वयंपाकघरातल्या गॅसच्या मीटरपासून बैठकीपर्यंत बारा फूट तांब्याचा पाइप टाकला. भाऊजी मधूनमधून चहा आणून देत होते. साखर विसरत होते. मी तसाच पीत होतो.

बुधवारी सकाळी गळतीची चाचणी होती. ही चाचणी झाल्याशिवाय आम्ही पाइपात गॅस सोडत नाही. पाइपाची दोन्ही टोकं बंद करायची. आत नुसती हवा. मध्ये एक छोटी तोटी असते, तिला रबरी नळीने मापक जोडायचं. मापक म्हणजे यू आकाराची काचेची नळी, तिच्यात लाल रंगाचं पाणी, बाजूला पट्टी. आत थोडी हवा भरली की पाणी एका बाजूला वर चढतं. मग नुसतं बघत बसायचं. पाणी जागच्या जागी राहिलं तर पाइप पक्का, खाली उतरलं तर कुठेतरी गळतंय. थोरल्या माणसालाही कळेल, लहान पोरालाही कळेल, इतकं सोपं.

हवेचा पंप मी नेमका घरी विसरलो होतो. माझे उस्ताद पंप वापरायचेच नाहीत, तोंडाने फुंकायचे. मीही फुंकलं. पाणी वीसच्या खुणेपर्यंत चढलं. मी हातातलं घड्याळ लावलं.

पाणी उतरलं.

ते उतरलं याचं मला काहीच वाटलं नाही. एखादा जोड ढिला असतो. पण ते परत चढलं. असं पाणी चढत नाही. बंद पाइपात हवा कमी होऊ शकते, जास्त कुठून होणार? खोलीतल्या उष्णतेने थोडंफार वरखाली होतं, म्हणून मी विजेचा हीटर बंद केला. फ्रिज बंद केला, कपडे धुण्याचं यंत्र बंद केलं. गाडीतून दुसरं मापक आणून लावलं. त्यातही पाणी तेच करत होतं. थोडं वर, खाली. थोडं वर, खाली. मग बरंच वर आणि सावकाश खाली. मग काही वेळ नुसतंच.

मी जोडांना साबणाचं पाणी लावलं. गळत असेल तिथे फुगा येतो आणि फुटतो. शेकोटीजवळच्या शेवटच्या जोडाला फुगा आला. लिंबाएवढा झाला, फुटला मात्र नाही. लहान होत होत परत आत गेला. मग पुन्हा आला. मी जमिनीवर पालथा पडून, हातात पाना धरून त्याच्याकडे बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं की मध्ये खंड पडला की मीही श्वास घेत नाहीये.

भाऊजी चहा घेऊन आले होते. किती वेळ मागे उभे होते कोण जाणे. कप कलंडून चहा त्यांच्या हातावर सांडत होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"केव्हापासून चाललंय हे?"

"जोड ढिला आहे, भाऊजी. आवळतो."

मी नट पाव फेरा आवळला. मापकातलं पाणी थरथरलं आणि भराभर आखूड झटके द्यायला लागलं. ताईच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क एकदा सरकला होता आणि मला दिसायला उशीर झाला होता, तेव्हा ती असंच करत होती. मी नट ढिला केला. पाणी हळूहळू पूर्वीच्या चालीवर आलं.

"पुन्हा हात लावू नकोस त्याला," भाऊजी म्हणाले.

आम्ही दोघांनीही तिचं नाव काढलं नाही. मी हिशेबी माणूस आहे; भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आजही नाही. पण बुधवारी मी घरी गेलो नाही. बायकोला फोन करून सांगितलं, काम अडलंय. ती म्हणाली, "किती दिवस?" मी म्हटलं, "बघू."

गुरुवारी भाऊजींनी मोजायला सुरुवात केली. गणिताचा माणूस, दुसरं करणार तरी काय? मिनिटाला बावीस. संध्याकाळी एकोणीस. शुक्रवारी सकाळी पंधरा. लांब श्वास आखूड होत चालला होता आणि खंड वाढत होता.

"असंच झालं होतं," भाऊजी म्हणाले. "शेवटच्या आठवड्यात. अगदी असंच."

म्हणजे पुढे काय होणार ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. थांबवायचा काही उपाय नव्हता. पण मला आतून, लाज वाटावी इतकं, बरंही वाटत होतं. मागच्या खेपेला मी नव्हतो. या खेपेला इथून हलणार नव्हतो. मला एवढंच हवं होतं: ती जाताना मी जवळ असायला हवा होतो. कामांचे फोन येत होते. मी फोन बंद करून ठेवला.

हीटर लावायची आमची छाती होईना. न जाणो, उष्णतेने काही बिघडलं तर? आम्ही दोघे अंगावर कोट चढवून त्या गार खोलीत गालिच्यावर बसलो होतो. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. भाऊजी मध्येच म्हणाले, "तिला ही थंडी सोसली नसती रे." मी मान खाली घातली.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास खंड वीस सेकंदांवर गेला. मग चाळीस.

दोन आखूड.

मग पाणी चढायला लागलं. चढत गेलं. वीसची खूण गेली, पंचविसाची गेली. तिसाला येऊन थांबलं.

उतरलं नाही.

एक मिनिट गेलं. पाच गेली. दहा गेली. पाणी केसभरही हललं नाही.

"गळती नाही," मी म्हणालो. सव्वीस वर्षांची जीभ, गेलं तोंडातून. आणि मग मला रडू फुटलं. पन्नाशीचा बाप्या मी, गालिच्यावर बसून लहान पोरासारखा हमसाहमशी रडलो.

भाऊजी रडले नाहीत. ते मापकाकडे बघत होते.

"तेव्हाही असंच झालं का, भाऊजी? श्वास घेतला आणि सोडलाच नाही?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? हात हातात होता ना तुमच्या?"

त्यांनी मापकावरून नजर काढली.

"नव्हता," ते म्हणाले. "तिचे पाय गार पडले होते. गारठलेय म्हणत होती. मी रबरी पिशवीत गरम पाणी भरायला स्वयंपाकघरात गेलो. किटलीला चार मिनिटं लागतात. पिशवी घेऊन आलो तर ती..." त्यांनी हात पसरले. "तुला काय सांगणार होतो? एकटीच गेली रे ती."

नऊ हिवाळे. मी कधीतरी एकदा शेकोटी बसवायला आलो असतो, तर त्या दिवशी ते पाणी तापवायला उठलेच नसते. हे त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

पाणी तिसावरच उभं होतं.

"श्वास घेऊन ठेवलाय तिने," भाऊजी म्हणाले. "सोड तो. किती वेळ तसाच ठेवणार?"

सोडायचा म्हणजे तोटीवरची रबरी नळी ओढायची. हे मी हजारदा केलंय. एवढ्याशा पाइपात हवा ती किती! फुस्स होतं आणि संपतं, पापणी लवेपर्यंत.

मी नळी ओढली.

हवा आली. फुस्स नाही. सावकाश, एकसारखी. मी तोटीपुढे हात धरला.

ऊबदार होती.

त्या गार खोलीत, गार तांब्याच्या पाइपातून. भाऊजींनीही हात पुढे केले. आम्ही दोघे गुडघ्यांवर बसून शेकोटीपुढे बसावं तसे तळहात पसरून बसलो होतो. ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. दहा. वीस. तीस. तेवढी हवा त्या पाइपात नव्हतीच.

"आहोत गं आम्ही," भाऊजी म्हणाले. "दोघंही आहोत. कुठे जात नाही."

साठाला हवा मंद झाली. मग थांबली. भाऊजींनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत प्रथमच थोडी शांतता दिसली.

"गेली," ते म्हणाले.

मी हो म्हणालो आणि हात मागे घ्यायला गेलो.

तो निघेना. माझा तळहात तोटीला घट्ट चिकटला होता, आणि आतली ओढ हळूहळू वाढत होती.