उसनं मडकं

"झालं ना तुमच्या मनासारखं, जाऊबाई?" भिंतीपलीकडून छुनमेईचा आवाज आला, आणि वाफेच्या टोपलीवर झाकण घालणारे पेइरोंगचे हात तिथेच थांबले.

थोरली जाऊ पेइरोंग आणि धाकटी छुनमेई यांच्या अंगणांमध्ये ती छातीएवढी मातीची भिंत होती. दव जड झाल्यापासून साऱ्या गावात दीह्वांगची औषधी मुळं उकडायला लागली होती. वाफ द्यायची, उन्हात टाकायची, पुन्हा वाफ द्यायची, असं करत ती डांबरासारखी काळी झाली की मूत्रपिंडाला बळ देतात म्हणून लांबलांबचे वैद्य ती घेऊन जात. अन् याच गावात, याच घराण्यात, छुनमेईचा नवरा शौलिन सुजून अंथरुणाला खिळला होता!

"वैद्यबुवांनी नाडी धरली आणि माझ्याकडे बघेचनात," छुनमेई म्हणाली. "थोरल्या भावाची होती तीच नाडी म्हणाले. मडकं दारात आलं तेव्हाच मी ओळखलं होतं, आज ना उद्या हे होणार."

पेइरोंगने टोपलीवर झाकण घट्ट बसवलं.

औषध उकळायचं मडकं उसनं न्यावं, पण कधी परत करू नये, ही त्या गावची रीत. ज्याचं असेल त्याला गरज पडली की त्यानेच येऊन न्यावं. आपण होऊन कुणी ते पोचतं केलं, तर मडक्यामागून दुखणंही उंबरा ओलांडतं, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पाच वर्षांपूर्वी पेइरोंगचा नवरा शौशान असाच सुजला, तेव्हा तिने छुनमेईचंच मडकं मागून आणलं होतं; आणि एका सकाळी ते घासूनपुसून छुनमेईच्या दारात ठेवलेलं सापडलं. महिना उलटायच्या आत शौशान गेला. त्याच्या मर्तिकालाही छुनमेई या अंगणात आली नाही.

ते मडकं पेइरोंगने ठेवलं नव्हतं. शौशान स्वतः उठला होता, भोपळ्यासारखे झालेले पाय ओढत, भिंतीला धरत... ज्या धाकट्या भावाने त्याला रोज पाठुंगळी मारून वैद्याकडे नेलं, त्याच भावाच्या दारात आपलं मरण ठेवून आला होता! परतल्यावर तिच्या मांडीवर डोकं टाकून तो इतकंच म्हणाला, "मला जगायचं होतं गं." त्या एका वाक्यासाठी तिने गावभर झालेला दुर्लौकिक पदरात घेतला. भावाच्या मनात भाऊ तरी निर्मळ राहू दे... वेडी, अगदी वेडी बाई.

संध्याकाळी ती छुनमेईच्या दारात उभी राहिली.

"मडकं मागायला आलेय."

छुनमेईचा चेहरा पांढराफटक पडला. दुखणाईत घरातून मडकं मागून नेणं म्हणजे दुखणंच मागून नेणं.

"तुम्हाला काही कळतंय का, काय मागताय ते?"

"कळतंय. माझ्यामागे रडायला कोण आहे? दे इकडे."

"वहिनी..." आतून शौलिन म्हणाला. सुजलेल्या पापण्यांतून त्याला धड दिसतही नव्हतं. "तेव्हा मडकं तुम्ही ठेवलं नव्हतं."

"भाऊजी, तुम्ही पडून राहा."

"दादाने ठेवलं. मी खिडकीत होतो. परत जाताना तो पडला, तरी मी बाहेर आलो नाही... त्याला कळलं असतं, मी पाहिलंय ते."

छुनमेई नवऱ्याकडे वळली. "आणि इतकी वर्षं मी हिला शिव्या घालत होते, ते ऐकत बसलात?"

"दादाचं नाव..."

"दादाचं नाव. आणि हिच्या नावाचं काय?"

पेइरोंगला संताप आला. एकाच माणसाची लाज दोघांनी झाकली, पण थुंकी झेलली ती तिने एकटीने! तिने तोंड उघडलं. पण त्या सुजलेल्या चेहऱ्यात तिला शौशान दिसला. तिने चुलीवरचं मडकं उचललं, शेजारची शौलिनच्या औषधाची पुडी घेतली.

"नका हो, जाऊबाई," छुनमेईने तिचा हात धरला. "मी तुमच्या पाया पडते."

"सोड. पुडी सांडेल."

घरी येऊन तिने चूल पेटवली. काळं दीह्वांग, कोनफळाच्या चकत्या, मक्याचे केस, सारं पाण्यात पडलं. हेच तुझं घर, ती मनात त्या दुखण्याला म्हणत होती, इथेच ये, तिकडे बघू नकोस. तिला स्वतःलाच प्यायचं होतं ते औषध आटून अर्धं झालं तेव्हा दार ढकलून छुनमेई आत आली. तिच्या हातात रिकामा वाडगा होता.

"त्यांचा डोळा लागलाय," ती म्हणाली आणि चुलीजवळ टेकली. "मलाही वाढा घोटभर."

"खुळी आहेस का? तुझा संसार आहे."

"दोघी प्यायलो तर त्या दुखण्याला कळायचं तरी नाही, कुणाकडे जायचं ते." तिला हसायला जमलं नाही. "लहान तोंडी मोठा घास घेतला मी, ताई. वाढा ना."

या घरात तिने 'ताई' म्हटल्याला किती काळ लोटला होता! पेइरोंगचे डोळे भरून आले. तिने मडकं वाकवून निम्मं औषध छुनमेईच्या वाडग्यात ओतलं. दोघी ते काळं, चिकट पाणी एका दमात प्यायल्या, आणि मग चूल विझेपर्यंत, भिंतीपलीकडे शौलिनचा श्वास चालू आहे ना, ते ऐकत बसल्या.